एकोणपन्नास सालचा सांगाडा

इंग्लंडमधल्या टिप्टन गावच्या विल्फ ट्रँटरकडे जुन्या मोटरसायकलींचं वय विचारायला लोक लांबून यायचे. उमेदीच्या वर्षांत तो कारखान्यात सांगाडेच जोडायचा, पितळ वितळवून, नळीला नळी. म्हातारपणी जुन्या गाड्यांच्या क्लबाने वय ठरवायचं काम त्याच्याकडे दिलं. त्याची सही असली की सरकार गाडीला तिच्या काळाची नंबरप्लेट देई. माणसं स्वतःचं वय चोरतात आणि गाडीचं वाढवून सांगतात. अशांना विल्फ परसातल्या शेडमध्ये उभं करून सोलून काढी.

त्याला उलट बोलायची हिंमत फक्त त्याच्या बायकोची, ऑलिव्हची. पण एक विषय तीही काढत नसे. त्यांचा एकुलता एक मुलगा रॉयस्टन एकोणिसाव्या वर्षी कालव्याच्या पुलावर मोटरसायकलवरून पडून मेला होता. गाडी विल्फनेच घेऊन दिलेली. "मस्तीत हाणली असणार," एवढंच तो बोलला आणि पोलिसांच्या आवारातली गाडी न बघताच त्याने भंगारवाल्याला नेऊ दिली. पोराला पुरलं त्या दिवशीसुद्धा हा बाबा कामावर गेला. ऑलिव्ह दर रविवारी थडग्यावर जाई, हा कधीच नाही. चाळीस वर्षं तो मेलेल्या पोरावर रागावून होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागावरच तो जगत होता.

मार्चमध्ये नायजेल फेलोज नावाचा एकजण व्हॅनमधून एक सांगाडा घेऊन आला. हँडल बसतं ती पुढची मान तुटलेली, तारेने बांधलेली.

"भंगारात मिळाला. सेहेचाळीस सालचा आहे," नायजेल म्हणाला.

"सेहेचाळीसला तुझा बाप अर्ध्या चड्डीत हिंडत होता. तुला कोणी सांगितलं?"

"विकणाऱ्याने."

"मग त्याचीच सही घे."

विल्फने नळीवरचा रंग खरवडला, नंबरावर पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल फिरवली. आकडे उमटले. हा नंबर त्याला पाठ होता. तो जवळच्या खोक्यावर बसला.

"बरं वाटत नाही का, विल्फ?"

"एकोणपन्नास," विल्फ म्हणाला. "इथेच ठेव. उद्या ये."

नायजेल गेल्यावर त्याने तार सोडली. तुटलेल्या नळीच्या तोंडातून आतली दुसरी नळी दिसत होती. म्हणजे हा सांगाडा रॉयस्टनच्या हाती येण्यापूर्वीच एकदा मोडला होता. कोणीतरी आत तुकडा सारून, वरून पितळ भरून, कानशीने घासून, जाड काळा रंग फासून तो विकला होता. नळी तुटली ती बरोबर त्या तुकड्याच्या कडेला. भर पुलावर मानच निखळली होती. पोराने काय करायचं होतं?

गाडी घेतली तो दिवस विल्फला लख्ख आठवला. विकणाऱ्यासमोर त्याने नंबर वाचला, सांधे पाहिले आणि साल काय, महिनासुद्धा सांगून टाकला. विकणाऱ्याने तोंडात बोट घातलं. तेवढ्यात रॉयस्टनने विचारलं होतं, "बाबा, मानेपाशी रंग एवढा जाड का आहे?"

"मला शिकवू नकोस. साल बरोबर आहे ना? मग झालं."

नळी आतून धड आहे का ते ठोकून बघायची छोटी हातोडी तेव्हा त्याच्या खिशातच होती. कारखान्यातला एकही सांगाडा त्याने न ठोकता पुढे जाऊ दिला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

स्वयंपाकघरात ऑलिव्ह वाटाणे शिजवत होती. विल्फने उभ्यानेच सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने गॅस बंद केला.

"पोराने विचारलं होतं तुला?"

"हो."

"आणि तू त्याला गप्प केलंस."

"केलं. रविवारी मी येतो तुझ्याबरोबर."

"नको," ऑलिव्ह म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "इतकी वर्षं मी त्याला सांगत आले, तुझ्या बाबांना तुझं दुःख सोसत नाही रे, म्हणून येत नाहीत. आता खरं काय ते तुझं तूच जाऊन सांग. आजच जा."

विल्फने खुंटीवरचा कोट अंगात घातला, टोपी घेतली. दाराशी जाऊन कडी काढली. पाठमोऱ्यानेच त्याने बायकोला विचारलं, "ऑलिव्ह, थडग्यांच्या कोणत्या रांगेत आहे तो?"