गॅस सापडण्याआधीचे शेअर

वेफर्सच्या डब्याच्या तळाशी जसा चुरा साठत जातो, तसे आमच्या यावलच्या बचत गटाचे किस्से साठत जातात. मी शाळेतून आले की कोपऱ्यात बसून पाकिटं भरते. फारसं बोलत नाही, म्हणून हा चुरा सगळा माझ्याच वाट्याला येतो!

गट केळीचे वेफर्स करतो. सुमनअक्का अध्यक्ष, आई सेक्रेटरी. केळी कापायचं काम शबाना खालाचं. ती हाताने किसणीवर कापते, त्यामुळे तिच्या बोटांना कायम पट्ट्या. म्हणून कापायच्या मशीनसाठी सगळ्यांनी पै-पै साठवली होती. तेवढ्यात धुळ्याहून अक्कांचा धाकटा भाऊ, राजूभाऊ आला.

*

सिलिंडरचा नवा भाव ऐकून अक्का चिडल्या होत्या. राजूभाऊ म्हणाला, "अक्का, सिलिंडर कसले घेता? गॅसची कंपनीच घ्या ना! छोटी आहे, जमिनीतला गॅस शोधते. मशीनचे पैसे तिथे टाका, एकाची दोन मशीन येतील. शेअर तर चहापेक्षा स्वस्त!"

"चहा निदान पोटात तरी जातो," अक्का म्हणाल्या.

*

आमच्या गटात एक पद्धत आहे. ज्याला पैशांचं काही सुचवायचं असेल, त्याने कढईपाशी उभं राहून घाणा तळायचा आणि तळता तळता सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. पाहुण्यालाही सूट नाही! राजूभाऊच्या हातात झारा आला.

"गॅस सापडला का?" खालाने विचारलं.

"अजून नाही. विहीर खोदतायत."

"कोरडी निघाली तर?"

"दुसरी खोदतील."

"आणि तिचे पैसे?"

"नवे शेअर काढतील ना!"

"वा भाऊ! म्हणजे केळं एकच, आणि पंगत वाढत चालली!"

त्या दिवशीचा घाणा करपला.

*

तरी राजूभाऊ हटेना. "पटलं नाही तर केव्हाही विकून टाका!"

आई शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडे आहेत ना? त्यातले थोडे विकून दाखवा."

त्याने मोबाईल काढून थोडे शेअर विकायला लावले. आमची दुपारची पाकिटं भरून झाली, शेअर बाजार बंद झाला, तरी घेणारा कोणी आला नाही.

"छोट्या कंपनीत होतं असं कधी कधी," तो पुटपुटला.

"केळ्याला गिऱ्हाईक नसलं तर आम्ही वेफर्स तळतो," आई म्हणाली. "शेअरचं काय तळायचं?"

माझी आई असं बोलते, हे मला तोवर माहीतच नव्हतं!

*

एवढं होऊनही गटातल्या काहीजणींचं मन डबल मशीनवरच होतं. शेवटी अक्का म्हणाल्या, "चला, समोरासमोर विचारू." धुळ्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये कंपनीचा कार्यक्रम होता. आम्ही एसटीने गेलो. चेकबुक अक्कांच्या पिशवीत, वर वेफर्सची पाकिटं.

टाय लावलेल्या साहेबांनी पडद्यावर मोठी निळी ज्योत दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "काही प्रश्न?"

अक्का उभ्या राहिल्या. "साहेब, तुमचे स्वतःचे किती आहेत यात?"

साहेब हसले. "मी पगारी माणूस, अक्का. माझे पैसे आपले बँकेत, एफडीत!"

अक्कांचं माहेर धुळ्याकडचं. तिथली बोली आपोआप तोंडात आली. "मंग आमना बी तठेच ऱ्हाऊ द्या!"

हॉल हसला. राजूभाऊ सोडून! साहेबांच्या हातात एक पाकीट ठेवून आम्ही मशीनच्या दुकानाकडे निघालो. जिन्यावर पोचलो, तर साहेब मागे धावत आले. पाकीट अर्धं संपलेलं.

"अक्का, तुमच्या गटात बाहेरच्या माणसाला पैसे टाकता येतात का हो?"

अक्कांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"नको साहेब. आमचं केळं जमिनीच्या वर लागतं, सगळ्यांना दिसतं. तुम्हाला त्यात मजा यायची नाही!"