कनेक्टर लावणाऱ्या काकी

काकींच्या हातात वायरचं उघडं टोक असलं की त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा आमच्या गाळ्यात शिरस्ताच होता. मालक हरेशभाईसुद्धा तो पाळायचे. एकदा काकींच्या घरून फोन आला. हरेशभाई मोबाइल घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले आणि नुसते उभे राहिले. फोनमधून शेजारीण 'हॅलो, हॅलो' करत होती. काकी भिंगाखाली वाकलेल्याच. त्यांनी कनेक्टरचं कवच दाबून बसवलं, वायर हलकेच खाली ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मग हात पुढे केला.

"पडले काय ते पुन्हा?" त्यांनी विचारलं. पलीकडचं ऐकून घेतलं. "उचलून बसवलंत ना? मग पाणी पाजा नि राहू द्या. जेवणाच्या सुट्टीत येते मी."

फोन परत देऊन त्यांनी पुढची वायर उचलली. मी तेव्हा नोकरीला नवीन होते. काय दगड बाई आहे, असं माझ्या मनात आलं. दुपारी त्या खरंच घरी जाऊन आल्या. जेवायचं राहिलंच होतं, ते त्यांनी चहाच्या वेळेला उभ्याउभ्या उरकलं.

आमचा गाळा भाईंदर पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या पहिल्या मजल्यावर. खाली स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे, त्याची काळी भुकटी जिन्यापर्यंत यायची. वर आम्ही केबल बनवायचो. साध्या विजेच्या नव्हेत. मशीनमधलं चित्र पडद्याकडे फार वेगाने नेणाऱ्या, बारीक. आमच्या मालातला बराचसा सोनोग्राफीच्या मशीनसाठी जायचा. अशी केबल सोलली की आत आधी तारांची विणलेली जाळी लागते, तिच्याखाली चांदीसारखी पन्नी, आणि पन्नीच्या आत केसासारख्या तारांच्या जोड्या, एकमेकींना पीळ घातलेल्या. जाळी आणि पन्नी बाहेरची खरखर आत येऊ देत नाहीत, आणि पिळामुळे जोडीतला सिग्नल शाबूत राहतो. सगळी गोम टोकाला असते. कनेक्टर लावायचा तर हे सगळं उघडावं लागतं, आणि उघडलं की बिघडायला सुरुवात होते. माझं काम तयार केबल मशीनला लावून तपासायचं. पडद्यावर एक रेघ उमटायची. सरळ असली तर माल चांगला. टोकापाशी खळगा किंवा उंचवटा दिसला तर माल बाद.

काकींची रेघ पाहत राहावी अशी असायची. त्या नव्या मुलींना सांगायच्या, "उघडायचं तेवढंच, जेवढं परत झाकता येईल." जाळी त्या शर्टाची बाही दुमडावी तशी चहूबाजूंनी मागे उलटवायच्या आणि कनेक्टरच्या कवचाखाली गोल दाबून बसवायच्या. तिची एका बाजूला वेणी वळून सोल्डरचा डाग देण्याची सोपी पद्धत त्यांना मुळीच खपायची नाही. "पदर सगळीकडून नीट घ्यायचा," म्हणायच्या, "एका पिनेवर लटकवायचा नाही." पिळाच्या बाबतीत तर त्या कंजूषच होत्या. तारा कनेक्टरच्या टाचणीला टेकेपर्यंत पीळ सुटायचा नाही.

याचा अर्थ त्या कधी चुकल्याच नाहीत असं नाही. डाग देताना त्या सोल्डरिंग आयर्न जरा जास्तच वेळ टेकवायच्या. जुन्या रेडिओच्या कारखान्यात शिकलेली सवय ती. एकदा मी त्यांना बोलावून पडद्यावरचा खळगा दाखवला. "काकी, उष्णतेने तारेवरचं प्लास्टिक मऊ होतं, आत दबतं. त्याचा हा खड्डा."

"माझा डाग कधी सुटलाय काय गो?" त्या फणकारल्या.

"सुटत नाही. पण सिग्नल अडखळतो."

पुढचे दोन-तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चहाचा पेला माझ्यासमोर ठेवायच्या, तोही आवाज करून. मग एका सकाळी माझ्या टेबलाशी आल्या आणि एक केबल पुढे टाकली. "बघ आता. आयर्न टेकवलं न टेकवलं, उचललं." रेघ सरळ होती. "हं," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. पन्नाशी उलटलेल्या बाईने आयुष्यभराची हाताची सवय मोडली होती, पण ते बोलून दाखवायला तिच्याकडे वेळ नव्हता.

वेळ खरंच नसायचा. इंद्रलोक वसाहतीच्या मागच्या बाजूला एका चाळीत त्या राहायच्या. नवऱ्याची उजवी बाजू लुळी पडलेली. पहाटे उठून पाणी भरायचं, त्यांना आंघोळ घालायची, कपडे बदलायचे, भरवायचं, मग कामावर. मुलगी लग्न होऊन घोडबंदरला दिलेली, तिच्या घरी सासूचं आजारपण. कामावर पोचल्यावर काकी खुर्चीत बसून दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. कुणी विचारलं, बरं वाटत नाही का, तर म्हणायच्या, "बरं आहे. इथेच काय ते बसायला मिळतं."

त्यांच्या शेजारची खुर्ची शबानाची. ती नया नगरहून यायची. दोघींची भाषा ऐकण्यासारखी होती. काकींचं हिंदी रत्नागिरीहून थेट आलेलं. "ए शबाना, तू इतना वाकके मत बैठ, बाद में कंबर तुझको सोडेगी नहीं." रमजानच्या महिन्यात काकी चहा प्यायला जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या. शबाना म्हणायची, "काकी, यहीं पियो ना, मुझे कुछ नहीं होता." काकी म्हणायच्या, "तेरे को नहीं होता, मेरे को होता है." शबानाला दिवस गेले आणि ती सोनोग्राफीला निघाली, तेव्हा काकींनी तिला बजावून सांगितलं, "मशीन के पीछे देखना, वायर अपनी है क्या." शबाना परत येऊन म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी मागे बघूच दिलं नाही. त्या दिवशी काकी इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. त्यांना तसं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

शबानाचं बाळ रांगायला लागलं असेल त्या सुमारास माझ्या पडद्यावर उंचवटे दिसायला लागले. आधी एखादा, मग रोजचे. टोकापाशी रेघ वर उचललेली, म्हणजे तिथे पीळ गरजेपेक्षा जास्त सुटलेला. मला वाटलं कनेक्टरच खराब आले. वेगळे लावून पाहिले. मग वाटलं माझं मशीन बिघडलं. तेही तपासून घेतलं. प्रत्येक केबलवर बनवणारीच्या नंबराची पट्टी असायची. बाद झालेल्यांवर पट्टी काकींची होती. मी त्या पुन्हापुन्हा लावून पाहिल्या. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याशी बोलायचंच, असं मी ठरवलं.

त्याआधीच, दुपारी शबाना ओरडली, "काकी, खून!"

काकींनी हातातली वायर तशीच धरून इकडेतिकडे पाहिलं. "किसका?"

"आपका! उंगली देखो!"

त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाला पातं लागलं होतं. चांगलं खोल. पन्नीवर रक्त पसरलं होतं, टेबलावर ठिपके होते. मी कापूस घेऊन धावले. काकी बोटाकडे दुसऱ्या कुणाचं असावं तशा बघत होत्या. मी औषध लावलं. चांगलं झोंबणारं औषध होतं. त्यांनी हात मागे घेतला नाही.

"काकी, दुखत नाही?"

"नाही ना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कधीपासनं नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. साखर बरीच वर्षं होती. आधी पावलांना मुंग्या यायच्या, मग बोटांना. आता बोटांची टोकं असून नसल्यासारखी. तार चिमटीत आली की नाही ते कळायचं नाही, म्हणून त्या ती जरा लांब उघडायच्या, डोळ्यांना दिसेल, धरता येईल इतकी.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"त्यांना दाखवते ना दर महिन्याला." म्हणजे नवऱ्याला.

"तुम्हाला, काकी."

 त्या माझ्या टेबलाकडे मान वळवून म्हणाल्या, "तुझ्याकडच्या त्या बाजूला काढलेल्या माझ्या आहेत ना?"

मी हो म्हटलं.

"मला वाटलंच होतं. तू दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हतीस."

त्या उठल्या. मला वाटलं तोंड धुवायला चालल्या. त्या सरळ हरेशभाईंच्या काचेच्या खोलीत गेल्या आणि उभ्याच म्हणाल्या, "भाई, मला टेबलावरनं काढा. माझ्याच्याने आता होत नाही."

हरेशभाई माणूस वाईट नव्हता. तो गडबडला. "अरे काकी, तुमी टेन्शन नको घेऊ. थोडा आराम करा. पॅकिंगला बसा, सुपरवायझर व्हा, काय पण करा."

"पोटातली पोरं बघायच्या मशीनला जातात ना या वायरी? मग उगाच काय पण करायचं नाही."

शबाना रडायला लागली. काकींनी तिला दटावलं, "तू क्यों रोती है? तेरा हात चालू है ना?"

त्या पॅकिंगला बसल्या. तयार केबलची वेटोळी करून पिशवीत घालायची. काम सोपं होतं, पण त्यांची नजर सारखी भिंगाच्या टेबलांकडे जायची. नव्या मुलींना शिकवा म्हटलं तर शिकवायला बसल्या. ते मात्र जमलं नाही. तोंडाने सांगायची त्यांना सवय नव्हती. हातात वायर घेऊन दाखवायला जायच्या, तार निसटायची, मुली अवघडून खाली बघायच्या. एकदा एक मुलगी चटकन म्हणाली, "राहू दे काकी, मी करते." चांगल्या मनाने म्हणाली होती. काकींनी वायर तिच्या हातात दिली आणि पदराला हात पुसत राहिल्या.

त्यानंतर फार दिवस त्या आल्या नाहीत. नवऱ्याची तब्येत ढासळली, त्यातच ते गेले. आम्ही सगळे जाऊन आलो. काकींनी दाराशीच आम्हाला सांगितलं, "आता मी येणार नाही कामाला. निरोप समारंभ वगैरे करू नका. मला उभं राहवत नाही, आणि भाई भाषण करतील." हरेशभाईंनी खरंच भाषण तयार केलं होतं, असं शबाना नंतर मला म्हणाली.

गाळ्यात काम चालूच राहिलं. उंचवटे गेले. काकींच्या खुर्चीवर दुसरी बसली, तिचं काम चांगलं आहे. बिहारहून आलेली नवी मुलगी जाळीची वेणी वळायला लागली की शबाना तिच्या मनगटावर चापट मारते आणि काकींच्या हिंदीत पदराचं काहीतरी सांगते. त्या मुलीला ते कितपत कळतं कोण जाणे, पण ती जाळी नीट उलटवते.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी काकींकडे गेले. आता त्या चाळीतल्या नोकरी करणाऱ्या आयांची मुलं सांभाळतात. त्या दिवशी एकच होता, तीनेक वर्षांचा. त्याच्या आईला मॉलमध्ये रविवारीच जास्त काम. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मुलगा मांडीवर. केस पार पांढरे झालेले, गालफडं बसलेली. मला बघून हसल्या आणि डोळ्यांनीच बस म्हणाल्या.

"पाय अवघडला असेल. द्या मी घेते," मी म्हटलं.

"नको, उठेल. आत्ताच पडलाय."

मी गाळ्यातल्या गप्पा सांगितल्या. त्या ऐकत होत्या, मधेच डोळे मिटत होत्या. कुणाचं काय झालं हे त्यांनी विचारलं, केबलचं काही विचारलं नाही. मी म्हटलं, "हात कसा आहे?"

"तसाच. भाजी चिरताना जपते. मुलगी म्हणते तिकडे राहायला ये. तिथे तिची सासू, तिचं करायचं. इथे निदान ही पोरं संध्याकाळी आपापल्या घरी जातात." मग त्यांनी हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू मुलाच्या कपाळाला लावली. थोडा वेळ तशीच धरून ठेवली, मग मानेला लावली. "कणकण आहे याला."

मी माझा तळवा लावून पाहिला. मला काही कळलं नाही.

"सकाळी नव्हती. आता आहे," त्या म्हणाल्या. "बोटांना कळत नाही. पालथ्या हाताला अजून कळतं. याच्या आईला फोन लाव, नंबर तिथे भिंतीवर आहे. आणि तेवढं औषध आण गो कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून. मला हलता येत नाही."

फोनवर त्याची आई आधी घाबरली, मग म्हणाली, "काकी आहेत ना? बरं. निघते मी." मी औषध आणायला गेले. दुकानात गर्दी होती, थोडा वेळ लागला.

परत आले तर काकी बसल्या जागी झोपल्या होत्या. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, एक हात पालथाच मुलाच्या मानेवर. मी पंखा एकावर केला, बाटली ओट्यावर ठेवली आणि मुलाची आई येईपर्यंत दाराशी बसून राहिले.