म्हशीची खंडेनवमी

ताईचा फोन आला तेव्हा मी ब्राउनश्वाइगला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये नुकतीच गाडी लावत होते. "गाडी चालवत नाहीस न्हवं?" तिनं विचारलं. नाही म्हटलं. "बंद केलीस?" केली म्हटलं. मग ती म्हणाली, "हे गेले गं सकाळी..." फोन तसाच कानाला राहिला. ताईनं आधी गाडीची चौकशी केली, ही दाजींचीच शिकवण. वाईट बातमी चालत्या गाडीत द्यायची नाही आणि घ्यायचीही नाही, असा त्यांचा दंडक होता. गिअरबॉक्समध्ये आयुष्य गेलेला माणूस, त्याचे निम्मे नियम गाडीचेच असायचे. बातमी येणार हे गेले काही महिने आम्हाला ठाऊक होतं. तरी ती आली तेव्हा नवीच वाटली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाव विश्वासराव, गाव कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर. तरुणपणी गाड्यांच्या कारखान्यात नोकरीसाठी जर्मनीत र्युसेल्सहाइमला आले आणि तिथलेच झाले, म्हणजे बोलणं आणि जेवण सोडून. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळं लाडाचा सगळा वाटा आयता माझ्याकडं आला. मी शिकायला ब्राउनश्वाइगला आले ती त्यांच्याच भरवशावर. घर मिळवून देण्यापासून आम्टमधल्या, म्हणजे इथल्या सरकारी कचेरीतल्या, खिडकीपुढं माझ्यासाठी भांडण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं, आणि वर "मेहुणबाई, उपकार बिपकार म्हणायचं नाही, जेवायला यायचं," एवढ्यावर विषय मिटवला.

या माणसाला शिकारीचा नाद लागला तो इथं. त्यांच्या खात्यातला हेल्मुट नावाचा थोराड सहकारी ओडनवाल्डच्या डोंगरातलं एक शिकारीचं रान भाडेपट्ट्यानं सांभाळायचा. एकदा तो दाजींना सोबत घेऊन गेला आणि दाजी परत आले ते थेट परीक्षेची पुस्तकं घेऊनच. इथं शिकारीच्या परवान्याची परीक्षा म्हणजे चेष्टा नाही. झाडं, पाखरं, हरणांचे आजार, कायदा, सगळं पाठ पाहिजे. ताई पोळ्या लाटता लाटता त्यांचे प्रश्न घ्यायची आणि तिचे जर्मन उच्चार ऐकून दाजींचं उत्तर हमखास चुकायचं. महाराष्ट्र मंडळात लोकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. पाटलाच्या पोराला शिकारीची परीक्षा द्यावी लागते म्हणजे काय! दाजी पास झाले आणि मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात हरणाच्या मटणाचं भलंमोठं पातेलं घेऊन हजर झाले. टिंगल करणारेच आधी पंगतीला बसले.

त्या रानात हरीण म्हणजे मुख्यतः रेह. आपल्या भेकराएवढं, तसंच लाजरं, आणि शंका आली की भेकरासारखंच कुत्र्यागत भुंकणारं. चढ भयंकर उभा. पूर्वी शिकार झाली की हेल्मुट आणि त्याचे मित्र जनावर दोरीनं ओढत खाली आणायचे. दाजींना ते बघवेना. जनावराची फरपट होते आणि हेल्मुटच्या कमरेचीही, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी एका द्राक्षमळेवाल्याकडून जंगलात चालणारी एक जुनी गाडी आणली. दोन माणसांची बैठक, मागं छोटा हौदा, वर नुसते पाइप, जाड नक्षीचे टायर आणि पुढं ओढायला विंच. इंजिन खोलून त्यांनी पुन्हा बांधलं. रंग हिरवा असूनही तिचं नाव पडलं म्हैस. कारण ती कितीही दामटली तरी आपल्याच चालीनं चढायची आणि चिखल दिसला की खूश व्हायची. हेल्मुटला 'म्हैस' म्हणता यायचं नाही. तो 'माइस' म्हणायचा.

म्हशीचेही नियम होतेच. लाकडाच्या ओंडक्यांची रास लागते तिथं ती उभी करायची आणि पुढं मचाणापर्यंत पायी. बार झाल्यावर घाई नाही, जरा थांबायचं, मगच ती वर न्यायची. हौद्यात आधी हिरव्या फांद्या अंथरायच्या, त्यावर जनावर. गाडीत बसून बार टाकायचा नाही. तो तर कायद्यानंच गुन्हा आहे, पण दाजी त्याबद्दल कायद्यापेक्षाही कडक होते. मी इथल्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन बसले होते, तेव्हा त्यांनी मला याच म्हशीवर बसवलं. त्या चढावर लो गिअर, चिखलात दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफ लॉक, उतारावर ब्रेकला पाय न लावता इंजिनावर उतरणं, सगळं त्यांनी शेजारी बसून शिकवलं. एकदाही ओरडले नाहीत. फक्त मी चुकीचा गिअर टाकला की म्हशीच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखा डॅशबोर्डवरून हात फिरवायचे आणि तिची माफी मागायचे.

पण हे सगळं पहिल्याच वर्षी संपायची वेळ आली होती, आणि तो पराक्रमही दाजींचाच. परवाना मिळाल्यानंतरची पहिली खंडेनवमी. घरी शस्त्रांची, अवजारांची पूजा व्हायचीच, तशी ती रानातही झाली पाहिजे असं त्यांच्या मनानं घेतलं. संध्याकाळी लाकडी झोपडीसमोर म्हैस धुऊन पुसून उभी केली. बंदूक पाटावर ठेवली. हळद-कुंकू, बाजारातून शोधून आणलेला झेंडू, चाकाखाली लिंबू. इथवर ठीक होतं. पण पूजा म्हणजे उदबत्ती आलीच, आणि ताईनं कोल्हापूरहून आणलेला धूपही होता. दाजींनी मूठभर उदबत्त्या म्हशीच्या पाइपांत खोचल्या आणि हौद्यात धूप घातला. सगळी झोपडी, सगळे कोट, सगळी म्हैस घमघमून गेली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिथं हेल्मुटनं आपले सगळे मित्र शिकारीला बोलावले होते.

हेल्मुट हा असा माणूस, की शिकारीच्या आधी साबणाला हात लावत नाही. रेहला माणूस दिसण्याआधी त्याचा वास लागतो. त्या सकाळी वारा दरीतून वर वाहत होता. मचाणांवर बसलेल्यांना हरणाचं शेपूटसुद्धा दिसलं नाही. नुसतं दूरदूरवर भुंकणं ऐकू येत राहिलं. उजाडल्यावर मंडळी खाली आली. हेल्मुट वास घेत घेत झोपडीसमोर आला, तर पहाटेच्या अंधारात कुणाला न दिसलेली, माळ घातलेली म्हैस तिथं उभी. दाजी सांगायचे, त्या क्षणी त्यांना वाटलं, आटोपला आपला इथला शेर. नवखा माणूस, त्यात परदेशी, आणि एवढ्या लोकांची सकाळ त्यानं उदबत्तीच्या धुरात घालवलेली. हेल्मुटनं विचारलं, हे काय आहे? दाजींनी आपल्या कोल्हापुरी जर्मनमध्ये सांगितलं, की ज्याच्या जिवावर वर्षभर काम करायचं त्याच्यापुढं वर्षातून एक दिवस हात जोडायचे, एवढंच. हेल्मुटनं माळेतला एक झेंडू बोटानं उलटा करून बघितला. शिकार पडली की ही माणसं तिच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात. शेवटचा घास म्हणतात त्याला. हेल्मुटनं दाजींना त्या डहाळीची आठवण करून दिली. मग म्हणाला, "आल्झो, ठीक आहे, फुलं चालतील. वास नाही." आणि उरलेला उदबत्तीचा पुडा काढून घेऊन खिशात घातला.

पुढच्या उन्हाळ्यात हेल्मुटच्या परसात कोबीच्या शेजारी झेंडूची रांग उगवली. तेव्हापासून म्हशीची माळ त्याच्या बागेतली. फक्त खंडेनवमीची तारीख दरवर्षी बदलते, हे त्याला कधीच पटलं नाही. वर्षभर आधी तारीख कळवा, म्हणजे रोपं त्या बेतानं लावता येतील, अशी त्याची मागणी असायची आणि ताई बिचारी जानेवारीतच कॅलेंडर घेऊन बसायची. झेंडू आणि हळद-कुंकू दरवर्षी. उदबत्ती मात्र पुन्हा कधी नाही. दाजींनी हा शब्द मोडला नाही.

मग आजार आला. आधी वजन गेलं, मग पायांतली ताकद. या उन्हाळ्यात तर घरातला जिना त्यांना जड झाला होता. औषधांबद्दल, दुखण्याबद्दल ते बोलायचे नाहीत. त्यांचं एकच मागणं होतं, एकदा रानात जायचं. ताईला ते पटत नव्हतं. तिची भीती खोटी नव्हती. वर काही झालं तर खाली आणेपर्यंतच उशीर व्हायचा. डॉक्टरांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हेल्मुटला कळलं तेव्हा तो तडक आम्टमध्ये गेला. आजारी शिकाऱ्याला गाडीत बसूनच बार टाकायची खास परवानगी मिळू शकते, ती घेऊन आला. दाजींनी कागद वाचला, हेल्मुटचा हात धरला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. ताईनं दोघांकडं बघितलं आणि डबा भरायला उठली.

ऑगस्टमधली ती दुपार. या दिवसांत नर माद्यांच्या मागं असतात, भर उजेडातही बाहेर पडतात. म्हैस मी चालवत होते, शेजारी दाजी, मांडीवर बंदूक. इतक्या हळू मी आयुष्यात चालवलं नसेल. "अहो दाजी, दणके बसतात का?" विचारलं तर म्हणाले, "मेहुणबाई, चांगली चालवतेस. मास्तर कोण तुझा?" ओंडक्यांच्या राशीपाशी मी सवयीनं थांबले आणि इंजिन बंद केलं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं समोरच्या नेच्यांमधून एक नर बाहेर आला. तांबूस, झळझळीत, शिंगं कानांच्या वर आलेली. आमच्याकडं आडवा उभा राहिला. दाजींनी मला कोपरानं ढोसलं. मला वाटलं, कान झाक म्हणतात. ते हळूच म्हणाले, "मला खाली उतरव."

"अहो, परवानगी आहे ना," मी कुजबुजले.

"ती आम्टची. माझी नाही. उतरव."

मी फिरून त्यांच्या बाजूला गेले. त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर टाकला, दुसऱ्यात बंदूक. पाय जमिनीला टेकले, खडी करकरली. म्हशीच्या पाइपाला धरून ते उभे राहिले, सरळ, माझा आधार सोडून. नरानं मान वर करून आमच्याकडं नीट बघून घेतलं. मग खणखणीत भुंकला आणि उडी मारून झाडीत गेला. झाडीतूनही भुंकतच राहिला, पार टेकडी ओलांडेपर्यंत. दाजींनी बंदूक माझ्याकडं दिली आणि त्यांना हसू आवरेना. "बघितलंस? शिव्या घालत गेला मला. इतक्या वर्षांची ओळख आहे आमची..." मग म्हशीच्या पायरीवर बसून त्यांनी ताईचे धपाटे खाल्ले, दह्यासकट, चवीनं. कित्येक आठवड्यांत ते तसे जेवले नव्हते. घरी आल्यावर ताईनं विचारलं, मिळालं का काही? ते म्हणाले, सगळं मिळालं. मला तो दिवस चालवता आला, याबद्दल मी ज्याचे मानायचे त्याचे आभार मानते. आणि तो चढ मला शिकवणाऱ्याचेही.

सप्टेंबरात ते गेले. अंत्यविधीला हेल्मुटनं त्यांच्या हाताशी हिरवी डहाळी ठेवली. तेव्हा मी रडले नाही, घरी आल्यावर रडले. पुढं काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. झेंडू तयार आहे, तारीख तीच ना? ताई आधी नको म्हणाली. सुतकाचं वर्ष, पूजा कसली. मग आपणच कपाटातून हळद-कुंकवाची डबी काढली.

म्हैस झोपडीसमोर धुऊन उभी होती. हेल्मुटनं स्वतः धुतली होती, कानाकोपऱ्यासकट. माळही त्यानंच ओवली होती, दोरा जरा जास्तच जाड वापरून. ताईनं बॉनेटवर हळद-कुंकू वाहिलं आणि दाजींच्या बाजूच्या सीटवरही. आम्ही हात जोडले. झालं असं वाटत होतं, तेवढ्यात हेल्मुट आत गेला आणि मिठाचा पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात कागदात गुंडाळलेला तो उदबत्तीचा पुडा होता, पहिल्या वर्षी काढून घेतलेला. ताई गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. उद्या शिकार नाही का, मी विचारलं. नाही, तो म्हणाला, या आठवड्यात कुणीच वर जाणार नाही. मग पुडा ताईच्या हातात दिला आणि वर रानाकडं बघत म्हणाला, "आज त्यांना वास येऊ दे."

इतकी जुनी उदबत्ती पेटेल असं वाटलं नव्हतं. पेटली. ताईनं ती म्हशीच्या पाइपात खोचली, दाजींनी खोचली होती तिथंच. वारा त्या दिवसासारखाच दरीतून वर निघाला होता. धूर आमच्या अंगावरून चढाकडं गेला आणि आम्ही तिघं तिथंच उभे राहिलो. जरा वेळानं, ओंडक्यांच्या राशीच्या बरंच वर, एक रेह भुंकलं. थांबलं, पुन्हा भुंकलं.

"ह्यांनाच देतंय शिव्या," ताई म्हणाली, आणि ते गेल्यापासून पहिल्यांदा हसली.