कथील लागलेला स्फटिक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझा चोरून खाल्लेला समोसाही लपत नाही! तुम्हाला सांगतो. बसा जरा.

अमरावतीत पीएच.डी. करत होतो तेव्हाची गोष्ट. आमचे स्फटिक मोठे चमत्कारिक — आतून विजेला वाट देत नाहीत, पृष्ठभागावरून मात्र खुशाल वाहू देतात. टोपोलॉजिकल म्हणतात त्यांना. कडाक्याच्या थंडीत हा पृष्ठभाग अतिसंवाहक होतो का, म्हणजे वीज तिथून अगदी विनाअडथळा धावते का, एवढंच आम्ही शोधत होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी ज्युनिअर, अकोल्याची शुभांगी.

हे स्फटिक वितळलेल्या कथलात वाढवतात. बाहेर काढले की चिकटलेलं कथील अ‍ॅसिडने धुवायचं. शुभांगी तासन्‌तास धूत बसायची. आणि मी? मोजणी परराज्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेत होती, बडनेऱ्याहून गाडी पकडायची होती — माझा स्फटिक नुसता फडक्याने पुसला नि निघालो.

आणि काय सांगू, तिथे विजेच्या अडथळ्याचा आलेख धाडकन शून्यावर! परतलो तर सरांनी साऱ्या विभागाला गिला वडा खाऊ घातला. मी दोन प्लेटी हाणल्या. दुसऱ्या दिवशी सहज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं — कडेला कथलाची चकचकीत साय. थंडीत कथील स्वतःच अतिसंवाहक होतं, हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. स्फटिक धुऊन पुन्हा मोजायला हवा होता. मी — मी तो फुटला म्हणून सांगितलं.

मग शुभांगी तसाच स्फटिक करायला बसली. वर्षं गेली. "दादा, तुह्या हाताले गुण हाये. माह्या हातून काहून नाही होऊन राहिलं?" असं हसत विचारायची. मी काय म्हणायचो, ऐकायचंय? "होईल, होईल. अजून नीट धूत जा."

शेवटी तिने संशोधन सोडलं. आता अकोल्यात, जुन्या शहरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मजेत असते, पोरांची लाडकी आहे. मध्यंतरी तिने मला पाहुणा म्हणून बोलावलं. मुलांना म्हणाली, "मले नाही जमलं बाप्पा, ते या दादाले जमलं." पोरांनी टाळ्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. सगळ्यांत जोरात तिच्याच टाळ्या.

तिचा एकही स्फटिक चुकला नव्हता. ते मला तिथे, त्या टाळ्यांतही ठाऊक होतं. मी मान पुढे केली आणि हार घालून घेतला.