रामाकोन्याच्या पोळ्यावरून

“वरून माणूस दिसत नाही, त्याची सावली दिसते,” असं मोतीराम एकदा बोलून गेला होता.

पांढुर्ण्याच्या स्टेशनात, पार्सल ऑफिसच्या दारात, दिल्लीकडे निघालेल्या संत्र्याच्या पेट्यांवर खडूने खुणा करता करता तो हे बोलला. आजूबाजूच्या हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबू भला माणूस होता, पेटी आपटली तरी शिवी देत नव्हता. पण मधूनच असं काहीतरी बोलायचा, आणि त्यावर काय म्हणावं हे कोणाला सुचत नसे.

मोतीराम खवसे पार्सल क्लार्क होता, आणि रविवारी विमान उडवायचा. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत यावर पांढुर्ण्यात पुष्कळांचा विश्वासच बसत नव्हता. नागपूरला कॉलेजात असताना तो एनसीसीच्या हवाई शाखेत गेला, तिथल्या सवलतीत उडायला शिकला, आणि पुढे त्याला खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला. पोटासाठी नोकरी रेल्वेची लागली, पण हे वेड सुटलं नाही. रविवारी पहाटेची पॅसेंजर, रेल्वेचा पास, नागपुरात एका मित्राची सायकल, आणि विमानतळाच्या कडेला फ्लाइंग क्लबचं पत्र्याचं हँगर. तिथे कापड ताणून बसवलेल्या पंखांचं, दोन माणसांचं एक जुनं विमान होतं. पाळी आली की मोतीराम अर्धा तास वर जायचा आणि निघाला तिथेच उतरायचा.

त्याचा बाप भिवाजी त्यांच्या गावी, रामाकोन्याला, शेती करायचा. त्याला हे कोडं कधी उलगडलं नाही.

“जातो कुठं?” त्याने विचारलं होतं.

“कुठंच नाही, बाबा.”

“मंग वर कायले जातो?”

मोतीरामपाशी उत्तर होतं, पण ते बापाला सांगण्यासारखं नव्हतं. ऑफिसात त्याच्या वर साहेब होता, साहेबाच्या वर आणखी साहेब, आणि चुकलेली पेटी या सगळ्यांच्या मधून घरंगळत कुठेतरी नाहीशी व्हायची. वर गेल्यावर तसं नव्हतं. तिथे त्याला कोणी काही सांगत नसे, आणि म्हणूनच काही झालं तर बोट दाखवायलाही कोणी उरत नसे. त्या अर्ध्या तासात जे होईल ते त्याचं. ही गोष्ट त्याला जड वाटायला हवी होती. उलट तेवढ्यापुरतं त्याला सुटल्यासारखं वाटायचं.

क्लबात नत्थूजी नावाचे मेकॅनिक होते. पोट सुटलेले, तंबाखू मळणारे, कमी बोलणारे. उड्डाणाआधी ते विमानाभोवती हळूहळू फिरायचे. पंखावर हात, शेपटीवर हात, पंख्याच्या पात्यावर बोट, गोठ्यात फिरावं तसं. मग मोतीरामकडे वळून दर वेळी तेच म्हणायचे, “मशीन माझं, बाकी तुमचं.” मोतीराम मान डोलवायचा. एवढा त्यांचा करार होता, आणि इतक्या वर्षांत त्यातलं एक अक्षर बदललं नव्हतं.

रामाकोन्याचा विषय निघाला तो चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात. तिथला पोळा भैय्याजींच्या हातात असायचा. भैय्याजी गावातले मोठे बागायतदार, वागायला मोकळे, हौशी. पोळ्याच्या दिवशी साऱ्या गावाचे बैल तोरणाखाली एका रांगेत उभे राहतात. रांगेच्या तोंडाशी मानाची जोडी असते, आणि ती भैय्याजींच्याच घरची असायची. तोरण तुटलं की पोळा फुटला. मग बैल घरोघर ओवाळून घ्यायला निघतात. त्या साली भैय्याजींच्या मनात आलं की आपल्या गावात विमानवाला आहे, तर तोरण तुटायच्या आधी बैलांवर वरून फुलं पडली पाहिजेत. चार गावं नाव काढतील. त्यांनी भिवाजीला बोलावून घेतलं आणि सांगितलं की पोराने एवढं केलं तर यंदाची मानाची जोडी तुझी.

भिवाजीचं आयुष्य त्या रांगेच्या मध्यात गेलं होतं. त्याच्या बापाचंही. तो दुसऱ्याच दिवशी एसटीने पांढुर्ण्याला आला, आणि मुलाची सुट्टी होईपर्यंत स्टेशनातल्या बाकावर बसून राहिला. मग त्याने सगळं सांगितलं. मागितलं मात्र काहीच नाही. मोतीराम लगेच म्हणाला, येतो.

फुलं टाकायला सरकारी परवानगी लागते, असं त्याने कळवलं. भैय्याजींनी खटपट करून तीही आणली. मोतीरामने महिनाभर मनात त्या उड्डाणाची उजळणी केली. वारा कुठून येईल, ऊन कोणत्या डोळ्यावर असेल, पोळ्याच्या मैदानाच्या कडेने विजेच्या तारा कशा गेल्या आहेत, फुलं किती उंचीवरून सोडली तर रांगेवर पडतील. सगळ्याचा विचार केला. बैलांचा केला नाही. शेतकऱ्याचा मुलगा, बैलांच्या पायांत खेळून मोठा झालेला. बैल त्याच्या इतके आतले होते की हिशेबात धरायची वस्तू म्हणून ते त्याच्या समोर आलेच नाहीत.

पोळ्याच्या दिवशी दुपारी आभाळ उघडलं. फुलं सोडायला कोणीतरी हवं म्हणून नत्थूजी शेजारच्या आसनावर बसले. झेंडूच्या पाकळ्यांनी भरलेली दोन पोती त्यांच्या पायांशी होती आणि सगळ्या विमानाला देवघराचा वास येत होता. सावनेरवरून जाणारी रेल्वेची छोटी लाइन खाली चमकत होती. तिच्या कडेकडेने ते उत्तरेला गेले, आणि कन्हान नदीचं गढूळ पाणी दिसलं. गाव केवढंसं होतं.

मैदान सापडायला वेळ लागला नाही. ऊन कललेलं होतं. बैल म्हणजे वरून ठिपके. सावल्या मात्र लांब, काळ्या, एकीला एक लागलेल्या. रांगेच्या तोंडाशी दोन मोठ्या सावल्या होत्या. ही बाबांची जोडी. त्याने उंची न सोडता एक फेरी मारली, आधी नीट पाहून घ्यावं म्हणून.

आवाज खाली पोचला असावा, कारण सावल्यांची ती सलग पट्टी एकदम थरथरली. मध्ये फटी पडल्या. एक सावली आडवी झाली, पुन्हा उभी झाली. आणि त्या मोठ्या सावल्यांच्या पुढे, अगदी नाकासमोर, त्याला बारक्या सावल्यांचा पुंजका दिसला. फुलं झेलायला भैय्याजींनी शाळेची पोरं पुढे आणून उभी केली होती. हे कोणी त्याला कळवलं नव्हतं. कळवण्यासारखं त्यात काही आहे असं कोणाला वाटलंच नसणार.

तेव्हा त्याला बैल आठवले. ढोल-ताशाला ते बुजत नाहीत. तो आवाज बाजूने येतो, माणसांतून येतो. पण वरून त्यांच्यावर आजवर घारीशिवाय आणि गडगडाटाशिवाय काही आलेलं नाही. सजवलेले, घुंगरमाळा घातलेले, शिंगाला शिंग लावून उभे केलेले. एक उधळला की रांग उधळणार.

“उतरायचं ना खाली?” पोत्याचं तोंड सोडत नत्थूजींनी विचारलं.

मोतीरामने पुन्हा खाली पाहिलं. परवानगी होती. वारा पडलेला होता, तारा लांब होत्या, विमान हातात मऊ चालत होतं. खाली बाप आयुष्यात पहिल्यांदा रांगेच्या तोंडाशी उभा होता आणि वर पाहत होता. कदाचित काहीच होणार नाही. बहुतेक काहीच होणार नाही. या ‘बहुतेक’पाशी त्याचं मन येऊन थांबलं, आणि तिथून पुढे जाईना.

त्याने विमान हळूच, बैलांपासून दूर, नदीच्या अंगाला वळवलं आणि नागपूरचा रस्ता धरला. नत्थूजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. पुढे कित्येक रविवार त्या आसनाखाली वाळलेल्या पाकळ्या निघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होती, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायची दरसालची जत्रा. स्टेशनात गर्दी आणि डोकी फुटलेली माणसं. रामाकोन्याहून काही निरोप आला नाही. रविवारी तो क्लबात न जाता गावी गेला. आई, जयवंताबाई, त्याला पाणी देताना एवढंच म्हणाली की बाप तेव्हापासून नीट जेवून नाही राहिला. मग बापलेक भैय्याजींच्या ओसरीवर गेले. तिथे दहा-बाराजण आधीच बसलेले होते.

कपबशी हातात येईपर्यंत थट्टा चालली. रस्ता नाही सापडला का, असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, घारीसारखा घिरटी घालून गेला. “घार बी काही तरी उचलून नेते बाप्पा,” तिसरा म्हणाला, “ह्यानं तं काही टाकलंबी नाही अन् नेलंबी नाही.” सगळे हसले. भिवाजी भिंतीकडे पाहत बसला होता.

भैय्याजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. “सांग बाबू, काय झालं होतं? लोकं विचारून राहिले मले.”

मोतीरामने होतं तसं सांगितलं. बैल बुजायला लागले होते, पुढे पोरं होती, म्हणून फिरलो. आणि हेही सांगितलं की याचा विचार मी आधी करायला पाहिजे होता, तो केला नाही, चूक माझी.

हसू थांबलं, पण ओसरी आणखीच गार पडली. पोळ्याच्या आठवड्यात, बैलांच्या सणाला, त्याने गावाच्या बैलांचं काय म्हटलं हे एकेकाच्या ध्यानात येत होतं.

“म्हणजे आमचे बैल भेकड हायेत?” कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. “अन् पुढं कोणाची जोडी होती? तुह्याच बापाची ना?”

काय झालं असतं हे दाखवायला मोतीरामकडे काहीच नव्हतं. जे घडत नाही त्याची जखम कोणाच्या अंगावर नसते. पोरं शाळेत जात होती, बैल गोठ्यात होते, आणि त्याचा निर्णय बरोबर होता की नुसती भीती होती, हे त्याचं त्यालाही यापुढे कधी कळणार नव्हतं.

तेवढ्यात भिवाजी बोलला. भिंतीकडची नजर न काढता, हलक्या आवाजात.

“इंजिन बिघडलं होतं त्याचं. लाजून सांगत नाही पोरगं.”

ओसरीतली माणसं सैल झाली. हां, मशीन आहे, बिघडणारच. एकाने मोटरपंपाचं उदाहरण दिलं, दुसऱ्याने ट्रॅक्टरचं. भैय्याजींच्या तोंडावर खरोखर समाधान पसरलं. त्यांनाही वाद नकोच होता.

“असं हाय तं पहिलेच सांगाव ना गा,” ते म्हणाले. “पुढच्या सालीबी मान भिवाजीकडंच राहीन. काय मोतीराम, इंजिनच होतं ना?”

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. मान हलवली तरी पुरत होतं. भिवाजीने आता भिंतीवरून नजर काढली आणि मुलाच्या तोंडावर ठेवली. त्या नजरेत हुकूम नव्हता. स्टेशनातल्या बाकावर बसला होता तसाच तो आताही बसला होता, काही न मागता.

मोतीरामला नत्थूजींचा हात दिसला, पंख्याच्या पात्यावर फिरणारा. त्या हाताखालच्या मशीनमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. मशीन माझं, बाकी तुमचं.

त्याने चहाची कपबशी, निम्मी भरलेली, जमिनीवर ठेवली. उठला, बापाच्या पायांना हात लावला, पायरीवरच्या चपला घातल्या आणि मान न हलवता बाहेर पडला.