एकेकटं अक्षर तिला दिसतं

आज सात वर्षांच्या माझ्या लेकीला, आरोहीला, घेऊन माकणीहून धाराशिवला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले होते. तिची नजर जन्मापासूनच अधू आहे.

तक्त्यावरची ओळ तिला वाचताच येईना. मग डॉक्टरबाईंनी बाकीची अक्षरं कागदानं झाकून एकच उघडं ठेवलं. तिनं लगेच सांगितलं, "म." पुढचीही सगळी बरोबर.

"अक्षरं जवळजवळ असली की हिला वेगळी दिसत नाहीत," बाई म्हणाल्या.

"मम्मी, मी सांगितलं होतं की तुला, अक्षरं एकमेकाला चिकटतात म्हणून," आरोही म्हणाली.

सांगितलं होतं. तरी वाचताना चुकली म्हणून परवाच मी तिच्या पाठीत धपाटा घातला होता.

मला रडूसुद्धा आलं नाही. परत येताना एसटीत ती मांडीवर झोपली, मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

लेकराची माफी कशी मागायची? तुम्ही कुणी मागितलीय का?