ठकीला बघायला आलेल्या बाई

इस्त्रीवाल्या वहिनींच्या हातून चुरगळलेलं काही सुटत नसे. शर्ट आधी तळहाताने गोंजारत, मगच त्यावर इस्त्री टेकवत. एकाच खोलीत एका अंगाला इस्त्रीचं टेबल, दुसऱ्या अंगाला लेकीची, ठकीची खाट. ठकीला गिळता येत नाही. पोटातल्या नळीतून अन्न सोडायचं, घशात कफ घुरघुरला की यंत्राने ओढून काढायचा. उशीर झाला तर पोर निळी पडते. सासूबाईंचे हात कापतात, त्यांना यंत्र धरवत नाही. दुपारी आरोग्य खात्याच्या नर्सताई येऊन ठकीपाशी बसत, तेवढ्यातच वहिनींची इस्त्री फिरे. नवरा गेल्यापासून घर त्या इस्त्रीवरच.

एकदा नर्सताई म्हणाल्या, "उद्या मोठ्या बाई येतायत. मदतीची गरज अजून आहे का, ते बघायला."

सकाळी वहिनींनी खोली लख्ख पुसली, चादरीला इस्त्री केली, ठकीला न्हाऊ घालून ठेवणीतला फ्रॉक चढवला. बाई यायच्या आत कफही काढून घेतला.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, आजारी पोर बघायला येतायत, नवरी नव्हे!"

"म्हणून काय परक्यांपुढे लेकरू गबाळं ठेवू?"

बाई आल्या तेव्हा ठकी छताकडे बघत शांत पडली होती.

"किती छान ठेवलंय हो हिला! सगळं तुम्हीच करता?"

वहिनींना आजवर असं कुणी म्हटलंच नव्हतं. ऊर भरून आला.

"करते की. सवय झालीय. काही जड जात नाही."

पुढच्या आठवड्यात नर्सताई दारातच थांबल्या.

"उद्यापासून माझं येणं बंद, वहिनी. घरच्यांना जमतंय, असं ठरलंय वर."

"अहो, पण ते मी आपलं बोलायचं म्हणून बोलले!"

"घुरघुर ऐकवायची होती त्यांना. तुम्ही चादर दाखवलीत."

वहिनी कचेरीत धावल्या. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. "आता पाहणी पुढच्या वर्षी," तो म्हणाला. "पोर बरी आहे, हे चांगलंच की!"

त्यानंतर इस्त्री टेकवावी तोच घुरघुर. कफ काढून परतावं, तर शर्ट करपलेला. एकेक गिऱ्हाईक तुटत गेलं. शेवटी उरले शेजारचे मास्तर. ते गठ्ठा घेऊन आले, तर वहिनींनी तो दारातूनच परत केला.

"अहो, एवढा एक सदरा तरी!"

"दुसरीकडे द्या, मास्तर. माझ्याच्याने होत नाही."

मोठ्या बाईंपुढे हेच काही तोंडातून निघालं नव्हतं. आत ठकीचा घसा वाजला, तशा वहिनी दार उघडंच टाकून वळल्या.